पहिली ओंजळ

४ फेब्रुवारी

आलो बुवा एकदाचे शहरात. लोणी काळभोरला गिरणीच्या माळ्यावर बत्तीस वर्षं पिठात संसार केला. आता तिसरा मजला, लिफ्ट आणि गॅलरीत ऊन. फ्लॅट यज्ञेश्वर नावाच्या गृहस्थांचा. बायको सुनीतीबाई, त्यांची तब्येत बिघडली म्हणून घाईनं विकला. सामान लागायच्या आधी नम्रतानं चहा टाकला, वेलची कुटून, आणि नेहमीची हाक मारली, अहो गिरणीवाले, गार होतोय! म्हटलं, झाली वास्तुशांत.

७ फेब्रुवारी

शेजारी विमलाबाई, एकट्याच. वयाचा अंदाज येत नाही. चेहरा धुतलेल्या पाटीसारखा, हसल्याचीसुद्धा रेघ नाही. भिंतीपलीकडे त्यांचं दगडी जातं रोज दुपारी चालतं. आवाजावरून दळण ओळखतो मी. आधी मसूर, मग संत्र्याची वाळकी साल. शेवटी थोडंसं काहीतरी कागदासारखं, कोरडं. ते मात्र ओळखू आलं नाही. त्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, भिंतीला कान असतात हे ऐकून होते, आज दर्शन झालं.

संध्याकाळी नम्रतासाठी सुरकुत्यांवरचा लेप आला, वाटीतून. मसूर, साल, साय, आंबेहळद. घरगुती, निर्धोक. वाळला की पापुद्रा सोलून वाटीतच परत पाठवा म्हणे, मोरीत टाकलात तर पाइप तुंबेल आणि निस्तरायला मीच. शिवाय शेजारची वाटी रिकामी परत करू नये, एवढं तर लोणीतही शिकवत असतील.

१२ फेब्रुवारी

लेप गुणी आहे. नम्रताच्या डोळ्यांकडच्या रेघा गेल्या. म्हटलं, आता लोक मला तुझा बाप समजतील. आत्ता तरी काय वेगळं समजतात, असं उत्तर मिळालं.

विमलाबाईंनी जात्याला टाकी लावून, छिन्नीनं दगड खरबरीत करून द्याल का म्हणून विचारलं. दगड गुळगुळीत झालाय, जुनं संपत आलं आणि नवं नीट दळलं जात नाही म्हणे. आनंदानं हो म्हटलं. जात्यालाही धर्म असतो, हेही त्यांना सुनावलं: पहिली ओंजळ मागच्या गिऱ्हाइकाची, दगडात अडकून राहिलेली. लग्नाआधीपासून, चाळीस वर्षं मी ती बाजूला काढत आलो. एकाचं पीठ दुसऱ्याच्या डब्यात कधी गेलं नाही.

१९ फेब्रुवारी

नम्रताच्या कपाळावरची उभी आठी गेली. ती आठी कधी पडली ते मला ठाऊक आहे. गिरणीच्या पट्ट्यात माझी दोन बोटं गेली, तो दिवस. रिक्षात तिनं पिवळ्या साडीचा पदर फाडून माझा हात बांधला होता.

आज जेवताना हाताकडे बघून विचारते, अहो, बोटांना काय झालं तुमच्या?

चेष्टा वाटली. चेष्टा नव्हती.

२२ फेब्रुवारी

लेप बंद कर म्हणून सांगितलं. हडपसरला जाऊन आलो तेवढ्यात तिनं पुन्हा लावला, वाटीही परत गेली. गिरणी कुठली म्हणून विचारते. मऊ, कोवळा चेहरा. एकेका रेघेबरोबर एकेक वर्ष जातंय तिचं. माझंही.

२५ फेब्रुवारी

मला काका म्हणाली.

२६ फेब्रुवारी, सकाळ

विमलाबाई दुधाला गेल्या. जात्यासाठी किल्ली देऊन ठेवली होती. त्या निमित्तानं आत शिरलो, टाकी लावली. मग फळीवर डबे दिसले. एकावर चिठ्ठी, सुनीती. तळाशी चिमूटभर. दुसऱ्यावर नम्रता. काठोकाठ पापुद्रे.

गेलेलं परत लावता येत असेल तर — दुसरं काही सुचलं नाही. आख्खा डबा जात्यात घातला, भराभर ओढलं. तोच कोरडा आवाज. जिन्यात पावलं वाजली. समोर पडलेलं ओंजळभर रुमालात घेतलं आणि पळालो. बाकीचं तिथंच —

तीच, दुपार

सायीत कालवून लावलं. रडत होती, परका माणूस म्हणून. तरी लावलं. रेघा उमटल्या! डोळ्यांशी, कपाळावर. बघत राहिलो. मग डोळे उघडले तिनं. यज्ञेश्वर कुठे आहेत, म्हणाली.

रेघा वेगळ्याच होत्या. उभी आठी नव्हतीच.

पहिली ओंजळ. मागच्या बाईची, सुनीतीची. चाळीस वर्षं बाजूला काढली आणि आज —

२७ फेब्रुवारी, सकाळ

खोलीला आतून कडी. आतून यज्ञेश्वरांना हाका मारते. कोण तुम्ही, निघा माझ्या घरातून, म्हणते. घर तिचंच होतं म्हणा.

बाकीचं पीठ तिकडे. माझ्याच हातानं दळून दिलेलं. बत्तीस वर्षं —

विमलाबाईंनी दारात वाटी ठेवलीय. रिकामी. आता त्यांना काही नको.

दुपार

जातं बंद. भिंतीपलीकडे खलबत्ता वाजतोय. वेलची. दोन ठोके, थांबून एक. असं एकच माणूस कुटतं, आणि ते तर इकडे कडीआड आहे.

जाणार नाही.

आवाज नम्रताचाच आहे. कान मला कधी फसवत नाहीत. पिवळ्या साडीचं बोलतेय, बोटं दुखतात का विचारतेय. अहो गिरणीवाले, गार होतोय —

नुसतं दारापर्यंत जाऊन