रझियाच्या खांद्यावरचा कोट

कुवेत, १४ मार्च १९६२

करीमचाचांना वाचता येत नाही, म्हणून इंग्लंडात नर्सिंग शिकणाऱ्या त्यांच्या मुलीचं, रझियाचं पत्र आज संध्याकाळी मीच वाचून दाखवलं. जिच्यासाठी कॉलेज अर्धवट सोडून इथे कमवायला आलो, ती कुणा जॉनबरोबर खेड्यापाड्यातली जुनी चर्चं, पडके मठ बघत हिंडते! वारा गार होता म्हणे, तर त्याने आपला कोट दिला. तसाच पांघरून पबात सूप प्यायली. त्याचा कोट! का घेतला?

वाचताना जॉनऐवजी ‘मैत्रीण’ म्हणालो. चाचा खूश.

“भली पोर दिसते! लिही अन्वर, खुशाल फिर, पण एकटी जाऊ नको.”

मी लिहिलं, ‘एकटीच जात जा.’ आणि खाली, चाचांच्याच नावाने, ‘स्वतःचा कोट घेऊन जा.’