आत्यानं नाव थांबवली ती जागा

सोलापूर, रविवार, १८ नोव्हेंबर १९७९

आज आत्याला घेऊन जेऊरला गेलो, तिथून पुढे तिच्या गावी. गाव कसलं, आता नुसतं पाणी. गाव धरणात गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. "येकदा दाव की," म्हणून मागे लागली होती.

नावेतून बुडालेल्या देवळाचं शिखर दिसलं, वर पाणकावळे पंख वाळवत बसलेले. मी बघतच राहिलो. आत्यानं तिकडं मानही वळवली नाही.

पुढे ती नावाड्याला म्हणाली, "हितं थांबव." वाकून पाण्यात हात घातला आणि गोंजारल्यासारखा फिरवत राहिली.

"काय होतं इथं, आत्या?"

"माझी लेक. अकरा दिसांची हुती. हितंच पुरली. लई गार हाय रं पानी."

मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. गाव उठलं तेव्हा ती परसातल्या निंबाखालून हलेना, म्हणून मीच ओरडलो होतो, "काय ठेवलंय तिथं?" कसं बोललो असेन मी? तिचा तो पाण्यातला हात डोळ्यांपुढून जात नाही.

घरी आल्यावर माफी मागावी म्हणून जवळ बसलो. जमलं नाही. नुसतंच विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

आत्या म्हणाली, "बारशाला ठिवायचं हुतं."