मेमसाबला दाखवलेला हिंदुस्तान

माय, भिलाईच्या आपल्या क्वार्टरात, चुलीजवळ पाटावर बसलेली ती रशियन मेमसाब मला अजून दिसते. बाबा तिच्या नवऱ्याची, इंजिनीअरसाहेबांची, जीप चालवायचे. कारखाना उभा राहत होता, साहेब दिवसभर तिकडं, आणि ही बिचारी परक्या देशात एकटी. म्हणून तुझ्याकडं यायची आणि मोडक्या हिंदीत आपल्या देशाबद्दल विचारत राहायची. तू काय कमी होतीस! पाणी उकळून पी, उन्हात निघालीस तर कांदा जवळ ठेव, बाजारात भाव पटला नाही तर पाठ फिरवून चालू लाग, दुकानदार आपोआप हाक मारतो. रायपूरच्या पुढं तू पाऊल टाकलं नव्हतंस, पण सांगायचीस अशी, की अख्खा देश पालथा घातलाय. शाळकरी मी तोंडात ओढणी कोंबून हसायची.

एक दिवस ती विचारते, "हिंदुस्तान में क्या देखना? आग्रा?" तू तांदूळ निवडता निवडता म्हणतेस, "आग्रा में क्या है बाई? कबर है. जिंदा आदमी देखना." आणि थेट आपल्या माहेराचं नाव घेतेस, देवरीकडलं, तलावाकाठचं! मी चाटच पडले. मामाच्या लग्नात मानपान राहिला म्हणून बाबांनी त्या घराशी संबंध तोडले होते. तुलाही पाठवत नव्हते. त्यात आजीची नजर चालल्याचा निरोप आलेला. पुरता अंधार व्हायच्या आधी तिनं एकदा तुझं तोंड पाहावं, एवढंच तुला हवं होतं. त्यासाठी तू रडलीस, अबोला धरलास, बाबा काही हलले नाहीत.

त्या संध्याकाळी ते भडकलेच. "कावून वो, एवढ्या हिंदुस्तानात तुले तुयंच गाव सापडलं?"

"मंग साह्यबाच्या बाईले तुमीच सांगा, का मी नेत नाही."

आता साहेबाच्या बाईला नाही कोण म्हणणार! साहेबांनी सुट्टीच्या दिवशी जीप दिली. बाबा वाटभर फुगून बसले, आणि गावात पोचल्यावर उतरलेच नाहीत. आत आजीनं तुझा चेहरा दोन्ही हातांत धरून डोळ्यांपाशी नेला, कितीतरी वेळ. "दिसून राहिली वो, थोडी थोडी दिसून राहिली," म्हणाली. मेमसाब भिंतीकडं तोंड करून रडली. मग आजी ताट वाढून, चाचपडत, एकटीच बाहेर निघाली आणि जीपच्या रिकाम्या बाजूला जाऊन उभी राहिली. "जावईबापू, राग माह्या पोरावर हाये ना? भातावर त नाही?" तिकडं कुणीच नव्हतं. बाबा खाली उतरले, वळसा घालून तिच्यासमोर आले आणि ताट हातात घेतलं. परतताना तू पदर तोंडाला लावून बसली होतीस. तू रडतेस की हसतेस, मला कळलं नाही.

हे पत्र टाकायला ठिकाण नाही, ते मला कळतं. तरी लिहिते, कारण तुझी विद्या मी उचललीय. नागपुरात कुणीही पाहुणे आले, की मी म्हणते, चला, भिलाई दाखवते, एवढा मोठा कारखाना पाहायलाच पाहिजे. मग गाडी हळूच आपल्या गल्लीत वळवायला लावते. परवा तर उतरलेच. आपल्या दारात कुणी अनोळखी बाई उभी होती. तिच्याकडं मी पाणी मागितलं. तिनं आत बोलावलं, बसवलं, तांब्याभर दिलं, ते सगळं प्यायले. तहान नव्हती, माय.