फाफड्याबरोबरचा संभारो

रविवार, १७ नोव्हेंबर १९९६
मांजलपूर

तिसऱ्या महिन्यातच बाळ गेलं, त्याला आज वीस दिवस झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खाण्यामुळे झालेलं नाही." तरी मला तो संभारोच आठवतो. फाफड्याबरोबर देतात तो कच्च्या पपईचा कीस. दिवस असताना पपई वर्ज्य, हे ठाऊक होतं मला. पण जन्म बडोद्यात गेला, फाफड्याबरोबर तो असायचाच. संभारो म्हणजे पपई, हे डोक्यातच आलं नाही. चिमूटभरच खाल्ला होता. चिमूटभरच ना?

खाऊन झाल्यावर लक्षात आलं, तेव्हा ह्यांनीच समजावलं, "वेडी आहेस का? पपईने काही होत नसतं."

आज सकाळी हे फाफडा घेऊन आले. मिरच्या आणल्या, कढी आणली. संभारो नाही.

"संपला होता," म्हणाले, माझ्याकडे न बघता.

रविवारी सकाळी आठला कुठला संपतो? म्हणजे ह्यांनाही तसंच वाटतं.