पंचवीस हेलकाव्यांचा शोध

३ मार्च

साफ चूक! संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी पुस्तिकेचा कच्चा खर्डा आज आला. त्यात लिहिले आहे — ‘रस्त्यावरील मालमोटारींमुळे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या त्वरक यंत्रातील कणांची शलाका (झोत) थरथरत असे, रस्ता वळवल्यावर ती स्थिर झाली.’ रस्ता एप्रिलमध्ये वळवला. शलाका जूनपर्यंत थरथरत होती! शिवाय ती सेकंदाला नेमकी पंचवीस वेळा डुलत असे. इतकी शिस्त मालमोटारींना कोठून येणार? कारण शोधले मी. आणि माझे नाव कोठे? निरोप समारंभाच्या छायाचित्राखाली — उजवीकडून तिसरा. मी दुसरा आहे.

४ मार्च

संपादिकेला दूरध्वनी केला. “सर, जुन्या अहवालात होतं तसंच घेतलं. तुमच्याकडे कागद असेल तर बदलते. पण शुक्रवारी छपाईला जातंय हं!”

कागद! बत्तीस वर्षांच्या कामाच्या वह्या आहेत माझ्याकडे.

लेकीने मला माळ्यावर चढू दिले नाही; स्वतःच गठ्ठे उतरवले. “बाबा, एवढ्या वह्या! आईला कधी एक पत्र तरी लिहिलंत का?”

लिहिले होते. अनुक्रमांकासह.

५ मार्च

जूनची वही अद्याप सापडलेली नाही. न सापडो, मला सर्व मुखोद्गत आहे. शलाका वळवणाऱ्या चुंबकावर मी पाण्याने भरलेली बशी ठेवली. कोणी हात लावला नसताना पाण्यावर बारीक वर्तुळे उठली! मग हिशेब. चुंबकांना थंड पाणी पुरवणारा पंप मिनिटाला दीड हजार फेरे घेई. साठाने भागा — पंचवीस! रंगकामाच्या वेळी त्याच्याखालचे रबरी ठोकळे काढून तो थेट फरशीला आवळला होता. हादरा फरशीतून चुंबकात. आणि चुंबक केसाच्या जाडीच्या शतांशाने हलला, तरी शलाका वाट सोडते. ठोकळे परत बसवले — शलाका ताणलेल्या दोरीसारखी सरळ! सभेत संचालक म्हणाले, “अहो, तुम्ही तर नाडीपरीक्षाच केलीत!” आजही अंगावर मूठभर मांस चढते.

६ मार्च

जूनची वही सापडली. दोनदा वाचली. अक्षर माझेच आहे.

७ मार्च, शुक्रवार

संपादिकेला सकाळीच पाठवलेली दुरुस्ती, माझ्या सहीनिशी :

१७ जानेवारी — पंपघराचे रंगकाम. ठोकळे काढले. थरथर सुरू.

११ एप्रिल — रस्ता वळवला. थरथर कायम.

९ जून — पंपघरातील फिटर मला भेटला. “साहेब, पंपाखालचं रबर काढलंय ना, तेव्हापासून तुमचं यंत्र थरथरतंय बघा.” माझा शेरा : ‘असंबद्ध. पंपापुरते पाहावे, अशी समज दिली.’

२० जून — बशीचा प्रयोग.

२१ जून — ठोकळे बसवले. सभा. फिटरला बोलावले नव्हते.

शोधाची तारीख — ९ जून. शोध फिटरचा. अकरा दिवसांचा विलंब माझा.