दारात कोण उभं आहे

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. छबीचा खोकला थांबला हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे तुझ्या सासऱ्यांची तब्येत बरी आहे, बोलणं मात्र तुटक झालंय. रविवारी सकाळी मी चर्चला जायची तयारी करते, तेव्हा ते स्वयंपाकघरातला नळ खोलून बसतात. नळ काही गळत नाही.

आपल्या चर्चची अवस्था तू पाहिलीच होतीस. पुढच्या बाकांवर आम्ही म्हातारे, मागचे बाक रिकामे. नवे पाळक तरुण आहेत, उत्साह अंगात मावत नाही. ते म्हणाले, नवा माणूस एकदा येतो, त्याला कोणी विचारत नाही, मग तो पुन्हा फिरकत नाही. दारात मायेचं कोणीतरी हवं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा बाबू गेल्यापासून मी घरात कुढत बसते, तेवढंच मन रमेल, असं त्यांना वाटलं असणार. मीही हो म्हटलं. येणाऱ्याला हात द्यायचा, गीतपुस्तक द्यायचं, एकटा असेल तर कोणाच्या तरी शेजारी नेऊन बसवायचं. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायला लागलं होतं.

मग एका रविवारी, गाणं सुरू झाल्यावर, पायऱ्यांपाशी एक माणूस घुटमळताना दिसला. मी खाली उतरून हात पुढे केला, त्याने तो धरला, आणि तेव्हा कुठे मी चेहरा पाहिला. ज्याच्या ट्रकखाली आपला बाबू गेला, तो ड्रायव्हर. शिक्षा भोगून सुटलेला. त्यानेही मला ओळखलं. म्हणाला, "बाई, हे तुमचं चर्च आहे हे मला ठाऊक नव्हतं. सांगा, जातो मी."

मी म्हटलं, "या."

मी त्याला क्षमा केली असं लोक म्हणतात. पाळकांनी तर त्यावर प्रवचन केलं. पोरी, तसं काही झालेलं नाही. येईल त्याला या म्हणायची तोंडाला सवय लागली होती, शब्द निसटला, आणि मग मागे घेता येईना. तुझे सासरे आत बसले होते. त्यांनी वळून पाहिलं, टोपी उचलली आणि बाजूच्या दाराने निघून गेले. ते परत चर्चला आलेले नाहीत. घरी एकदाच बोलले, "तू त्याला जागा दिलीस ती माझी होती."

ड्रायव्हर मात्र दर रविवारी येतो. कोण पायरीवरूनच मागे फिरणार हे त्याला लांबून कळतं. तो जाऊन त्या माणसाशी दोन शब्द बोलतो आणि माणूस आत येतो. तुरुंगातले सोबती, त्यांच्या बायका, गोदामातले हमाल, कितीतरी लोक त्याच्यामुळे आले आणि टिकले. आता बाक पुरत नाहीत. पाळकांनी त्यालाही दारात उभं केलंय. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो. आम्ही एकमेकांशी बोलत नाही. बाबूच्या वयाचा कोणी आला की ड्रायव्हरचा हात क्षणभर मागे जातो. ते मला बघवत नाही, आणि नजरही हटत नाही.

बाबूच्या आठवणीच्या उपासनेला छबीला घेऊन येते, तिला तिच्या बापाचं चर्च बघू दे, असं तू लिहिलंस, म्हणून आज हे सगळं लिहायला बसले. दारात तो असेल. लहान मुलांपुढे तो वाकून हात करतो, आणि मुलं तो धरतात. छबीही धरेल. तो हात कोणाचा ते तिला कळणार नाही, तुला तरी आधी कळायला हवं. त्या दिवशी येऊ नका, असं मी त्याला सांगितलं तर तो येणार नाही. तसं सांगावं की नाही, हे माझ्याने ठरत नाही. ते तू ठरव. तू आलीच नाहीस तरी मी तुला बोल लावणार नाही. मग बाबूच्या घरची, त्याच्यासाठी तिथे उभी असलेली मी एकटीच असेन. आणि ज्याने त्याला शेवटचं पाहिलं, तो.

तुझीच,
आई