गरम ताटली

आई, तू तव्यावरची गरम भाकरी कधी खाल्ली होतीस का? रविवारपासून हा प्रश्न मनात आहे आणि त्याचं उत्तर मला देता येत नाही. लहानपणी मी तुझ्याजवळच असायचे, बहुतेक वेळ चुलीपाशी. तुझ्या मनगटावरचा भाजल्याचा डाग मला अजून आठवतो, पीठ मळताना तू ओठ कसे मिटायचीस तेही आठवतं. पण तुझ्या तोंडात घास जाताना पाहिल्याचं काही केल्या आठवत नाही. तुला विचारायला फार उशीर झाला, म्हणून निदान लिहिते.

आधी बातमी सांगते. मी बी. ए. झाले. महाराजांनी मुलींची फी माफ केली, तुझ्या जावयांनी भाऊबंदांची बोलणी ऐकून घेतली, आणि लेकीला मांडीवर झोपवून मी अभ्यास केला. आपल्या घरात एवढं अजून कोणी शिकलं नव्हतं. निकाल लागला त्याच आठवड्यात माझ्या सासूबाई भावाच्या नातवाच्या बारशाला कागलला निघाल्या. त्यांना मी आत्या म्हणते. जाताना आमच्या चार वर्षांच्या मुलीलाही त्यांनी बैलगाडीत घालून नेलं. लग्न झाल्यापासून घरात आम्ही दोघंच, असं पहिल्यांदाच झालं. शनिवारी कचेरीतून आल्यावर हे म्हणाले, "उद्या चूल पेटवू नकोस. बाहेर जेवू."

"बाहेर म्हणजे? कुणाच्या घरी?"

"कुणाच्या घरी नाही, हॉटेलात. तू पास झालीस, मग साजरं नको करायला?"

रेसिडेन्सीच्या रस्त्यावर एका पारशाचं हॉटेल आहे. साहेब लोक, वकील, मोठे अंमलदार तिथे जेवतात. दुपारी आम्ही गेलो तेव्हा नऊवारीतली मी एकटीच होते. पांढरी चादर घातलेलं टेबल, काचेच्या पेल्यात दुमडून उभे केलेले रुमाल, आणि बाजूला एवढे काटे-चमचे की मला आपल्याकडच्या लग्नांतल्या रुखवताची आठवण झाली. ह्यांनी हे सगळं कुणाकडून तरी शिकून घेतलं असावं. मला हळूच म्हणाले, "सुरी उजव्या हातात." मग बराच वेळ स्वतःच्याच हातांकडे पाहत बसले, कारण कोणता काटा आधी घ्यायचा ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

बटलर म्हातारा होता, गोव्याकडचा. त्याने आधी माझ्यापुढे सार ठेवलं, मग ह्यांच्यापुढे. मी हात मांडीवर ठेवून बसले. नवऱ्याने पहिला घास घेतल्याशिवाय बाईने खायचं नाही, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आणि हेही बसून राहिले, कारण साहेबांच्यात बाईने आधी चमचा उचलायचा असतो, हे त्यांना समजलं होतं. दोघं एकमेकांसाठी थांबलो आणि सार निवून गेलं. बटलर येऊन म्हणाला, "बाईसाहेब, आवडलं नाही?" तेव्हा ह्यांना हसू आलं. मग मी चमचा उचलला. तुझ्या जावयांच्या आधी मी जेवले, आई.

त्यानंतर त्याने रिकाम्या ताटल्या आणून ठेवल्या. मी ताटलीला हात लावला तर ती गरम होती. अन्न गार होऊ नये म्हणून तिथे ताटल्यासुद्धा शेकून आणतात. माझा हात तिच्यावरच राहिला. मटण आलं, पाव आला, हे काहीतरी सांगत होते, पण मी कळंब्याजवळच्या आपल्या वस्तीवर पोचले होते. सकाळ आहे. आबा मोटेवरून अजून आलेले नाहीत, मला शाळेत पोचायचं आहे. तू तव्यावरून पहिली भाकरी काढतेस, तिच्यावर लोणी ठेवतेस आणि मला चुलीच्या आडोशाला बसवतेस. "खा बिगीबिगी. आबा यायच्या आत आटप. आन् कुणाला सांगू नगंस." मी विचारते, "तू कवा खाणार?" तू म्हणतेस, "मी खातो की मागनं. हाय की माझं." मग आबा जेवतात, दादा जेवतात, आणि शेवटी आबांच्याच ताटात तू बसणार, तोवर मी शाळेच्या वाटेला लागलेली असते. घरच्या पुरुषांच्या आधी जेवायचा मान तू मला दिलास, पण स्वतः घेतला नाहीस. तू तापाने अंथरूण धरलंस तेव्हा मी पहिल्यांदा भाकरी केली, एका कडेला करपलेली. फुंकर मारत तुझ्यापाशी आणली. तू तोंड फिरवून म्हणालीस, "आधी आबाला वाढ." मी ती त्यांना वाढली. परत आले तेव्हा तुझा डोळा लागला होता. त्यानंतर तू काही खाल्लंच नाहीस.

"लक्ष कुठंय?" हे म्हणाले. "मी म्हणत होतो, घरीही असंच जेवू या. बरोबर बसून."

"मग भाकऱ्या कोण करणार?"

"बघू की," ते म्हणाले आणि मटणाकडे वळले. बटलर ये-जा करायचा तेव्हा आतलं दार उघडायचं आणि विस्तवाची झळ माझ्यापर्यंत यायची. माझी ताटली गरम राहावी म्हणून आत कुणीतरी विस्तवापाशी उभं होतं. पुस्तकांत मी समतेवर पुष्कळ वाचलं आहे, पण ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. सगळ्यांना गरम हवं असेल तर एकाला मागे राहावंच लागतं.

सोमवारी आत्या लेकीला घेऊन परत आल्या. मंगळवारी सकाळी मी सगळ्या भाकऱ्या आधीच भाजून टोपलीत कापडाखाली ठेवल्या, चुलीतली लाकडं ओढून विझवली आणि चार ताटं मांडली.

"पावणं आल्यात व्हय?" आत्यांनी विचारलं.

"नाही, आपलीच आहेत. सगळ्यांनी बरोबर बसायचं."

"आन् वाढायचं कुणी?"

"टोपली मध्ये ठेवली आहे. ज्याची त्याने घ्यायची."

"बी. ए. झाल्यावर ह्ये शिकीवत्यात?" असं म्हणत त्या दाराकडे तोंड करून बसल्या, पण बसल्या. ह्यांनी भाकरी मोडली, घास चावला आणि न राहवून म्हणाले, "गार आहे गं."

मी उठणारच होते. हात गुडघ्यावर टेकलाही होता.

"माझी रोज अशीच असत्या," आत्या म्हणाल्या.

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. पाटाला पाणी आलंय, असं सांगावं तसं त्या बोलल्या. ह्यांचा हात ताटातच थांबला. जन्मापासून ते त्यांच्याच हातचं जेवत आलेले, पण आपल्या आईची भाकरी गार असते हे त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं. मग त्यांनी टोपलीवरचं कापड बाजूला केलं, एक भाकरी काढून आईच्या ताटात वाढली आणि आपली गुमान खाल्ली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक कबूल करते. गार भाकरी मला आवडत नाही. तुझ्यामुळे मला गरमची सवय लागली आहे, आणि ती गरम ताटली अजून हाताला आठवते. आजही वाटलं, आपल्यापुरती एक शेवटी तव्यावर टाकावी, कुणाला कळणार आहे? पण शेवटची भाकरी टोपलीत गेल्यावर मी लाकडांवर पाणी शिंपडलं आणि आत्यांच्या शेजारी माझं ताट घेऊन बसले.